तळघरातली ड्युटी

आमच्या घराला तळघर आहे असं ऐकलं की पुण्याकडची माणसं भुवया वर करतात, जणू आम्ही खाली सोनं पुरून ठेवलंय. कसलं आलंय सोनं! वणीच्या काळ्या मातीत घर बांधायचं तर पाया खोल न्यावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंती फाटतात. आमच्या मिस्त्रीनं तो इतका खोल नेला की ह्यांनी काठावर उभं राहून आत पाहिलं आणि म्हणाले, "एवढं खणलंच हाय तं बुजवता कायले? खोलीच काढा ना." मिस्त्री हसला. मी नाही हसले. हा माणूस रिटायर होऊन नुसता घरी यायचा नाही, सोबत खाण घेऊन येणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

हे म्हणजे माझा नवरा. जमिनीखालच्या कोळसा खाणीत पंप खलाशी होते. कोळसा फोडणारे वेगळे, तो वर पाठवणारे वेगळे, ह्यांचं काम फक्त पाण्याचं. खाणीत चारी बाजूंनी पाणी झिरपतं, उतारानं सगळ्यात खोल कोपऱ्यात जाऊन साचतं, आणि तिथंच पंप बसवलेला असतो. तो चालू ठेवायचा आणि त्याच्या आवाजाकडे कान ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या कामाचा एक नियम होता आणि त्या नियमानं माझा संसार अर्धा खाल्ला. आपल्या जागी पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय पंप सोडायचा नाही. भोंगा होवो, भूक लागो, घरी बायको बाळंत होवो. रिलीव्हर यायचा, दोन मिनिटं आवाज ऐकायचा, पाणी कुठवर आहे ते विचारायचा आणि म्हणायचा, "मी आलो, तू जाय." मग माणूस मोकळा.

एका श्रावणात ह्यांचा रिलीव्हर आलाच नाही. नाल्याला पूर, पलीकडची वाट बंद. हे दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. तोवर मी तापलेलं पोर मांडीवर घेऊन क्वार्टरच्या दारात बसले होते आणि जो दिसेल त्याला विचारत होते, "आमचे हे दिसले काय वो?" आले तेव्हा काळेठिक्कर, डोळे तेवढे पांढरे. मला रडू फुटलं तर म्हणतात, "रडतं काहून? पंप चालू होता ना." उठून लाटणं फेकून मारावंसं वाटलं होतं मला. आजही वाटतं, पण आता मारू कोणाला.

तर तळघर. उन्हाळ्यात त्यानं आमची मोठी चंगळ केली, खोटं कशाला बोलू. वर अंगाची लाही होत असायची आणि खाली एका पंख्यावर भागायचं. पहिल्या उन्हाळ्यात दुपारची मीही तिथं चटई टाकायची. मी वर यायची, हे मात्र तिथंच राहिले. खाट नेली, रेडिओ नेला, पाण्याचा माठ नेला. जेवायचं ताटही खालीच. "वरतं ट्रकचा आवाज, धुळा, उजेड. मले झोप येत नाई," म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. चंद्रपूरकडे जाणारा रस्ता आमच्या घरावरून जातो आणि कोळशाचे ट्रक दिवसभर चालू असतात. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोट फिरवलं तर बोट काळं होतं. पण त्या रस्त्याच्या कडेला अख्खी वस्ती राहते की! बाकीचे लोक झोपतात ना वर?

पावसाळा आला आणि तळघरानं आपला खरा रंग दाखवला. काळी माती पाणी धरून बसते, सोडत नाही. भिंतीला पाझर फुटला, पोपडे धरले, उशीला कुबट वास यायला लागला, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी उगवली. ह्यांचा खोकला तर आधीपासून होताच, आता तो थांबेना. चंद्रपूरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरला. मग म्हणाला, "छातीत आधीच कोळसा बसलाय. त्यात ओल नको. यांना वरच्या खोलीत ठेवा, नाहीतर मला सांगता येणार नाही." ह्यांनी मान हलवली. "हाव साहेब, हाव साहेब." घरी आलो, चपला काढल्या आणि हे सरळ जिना उतरून खाली.

मी भांडले. रडले. गादी उचलून वर आणली, तर हे नुसत्या खाटेवर झोपले. मग मीच कुत्र्यासारखी परत गादी घेऊन खाली गेले. हट्टी माणसाशी लग्न केलं की असंच होतं. मला भीती वाटायची हो. जेवताना, झाडताना, शेजारणीशी बोलताना, सगळा वेळ माझा एक कान जिन्याकडे असायचा. खोकला ऐकू आला की राग यायचा आणि नाही आला की हातातलं काम टाकून जिन्यात जाऊन उभी राहायची.

पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करतो. त्याला फोन करून मी नको नको ते बोलले. बापाला समजावायचं सोडून त्यानं एक मशीन पाठवून दिलं. डीह्युमिडिफायर. ते नाव आमच्या घरात कोणाच्या तोंडात बसलं नाही. खोलीतली दमट हवा आत ओढायची, थंड नळ्यांवरून न्यायची, तिचं पाणी करून टाकीत सोडायचं आणि कोरडी हवा बाहेर फेकायची, असं त्याचं काम. पहिल्या संध्याकाळी ह्यांनी टाकी काढून पाहिली. आत पाणी. ते त्यांनी हलवून पाहिलं, वास घेतला, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते हे रिटायर झाल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

"अवं, हा तं पंप होय," म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा ड्युटी सुरू झाली. मशीन खोलीच्या मध्यावर, भिंतीपासून दूर ठेवायचं असं पोरानं दहा वेळा बजावलं होतं. ह्यांनी ते उचलून सगळ्यात खोल कोपऱ्यात, खाट आणि भिंत यांच्या बेचक्यात कोंबलं. पंप कोपऱ्यातच असतो म्हणे, पाणी तिथंच येतं. हवेतलं पाणी काय उताराला लागतं का, असं मी विचारलं. "तुले काय समजते त्यातलं," म्हणून त्यांनी विषय बंद केला.

तरी सुरुवातीचे दिवस चांगले गेले. भिंत वाळली. उशीचा वास गेला. खोकला निम्म्यावर आला. सकाळी टाकी ओतायला हे जिना चढून मोरीपर्यंत यायचे आणि पाणी ओतताना अगदी नव्या नवरदेवासारखे ऐटीत उभे राहायचे. मी मनात म्हटलं, राहू दे बाई, पंप तर पंप. माणूस तर जगतोय.

मग त्यावर बर्फ चढायला लागला.

आधी टाकीतलं पाणी कमी झालं. मग एकदा ह्यांनी मागची जाळी काढली तर आतल्या नळ्या पांढऱ्या. जुन्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात जमायचा तसा जाडजूड बर्फ, बोट घातलं तर चिकटत होतं. जाळीतलं फिल्टर मी धुतलं तेव्हा बादलीभर काळं पाणी निघालं. आमच्या गावात कोळशानं काही म्हणजे काही सोडलेलं नाही. फिल्टर धुतल्यावर दोन-तीन दिवस बरं चाललं, मग पुन्हा बर्फ. फ्रिज दुरुस्त करणारा आणला. त्यानं चारी बाजूंनी फिरून पाहिलं, टकटक केलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "काकू, मी फ्रिज पाहतो, कूलर पाहतो. हे पोट्टं कोणाचं हाय मले मालूम नाई."

शेवटी पोरानं मोबाइलवर तोंड दाखवून बापाला समजावलं. "बाबा, ते कोपऱ्यातून बाहेर काढा, त्याला हवा मिळत नाही म्हणून बर्फ होतो. आणि बर्फ झाला की बंद करायचं. अर्धा दिवस बंद ठेवा, आपोआप वितळेल. मग चालू करा. एवढंच आहे."

"बंद?" हे म्हणाले.

"हो, बंद."

"पाण्यापावसाचा?"

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पोरगा पलीकडून बोलत असतानाच खाटेवर जाऊन बसले. मी खूप समजावलं. म्हटलं, अवो, ही खाण नाई, घर हाय. ते म्हणाले, "पाणी घरातलं अन् खाणीतलं वेगळं असते काय? पंप बंद ठेवला की पाणी चढते. मी जिंदगीभर हेच पाह्यलं." ज्या गोष्टीनं खाणीतल्या कितीतरी माणसांचे जीव राखले, तीच गोष्ट आमच्या तळघरात ह्यांचा जीव घ्यायला बसली होती. आणि ह्यांना ते कसं पटवायचं हे मला सुचत नव्हतं.

एकदा हे आंघोळीला गेले असताना मी बटण बंद केलं. वाटलं, तासभर तरी मिळेल. कसचं काय! मोरीत पाणी अंगावर घेता घेता ह्यांना आवाज थांबलेला समजला. अंगाला साबण, कमरेला टॉवेल, असे जिना उतरून खाली. मी हसणार होते, खरं सांगते, तोंडावर हसू आलंही होतं. तेवढ्यात ते भिंतीला धरून खाली बसले. श्वास आत जाईना. छातीचा भाता नुसता वरखाली. साबण वाळून पांढरा झाला तरी त्यांना बोलता येत नव्हतं, आणि बोट मात्र बटणाकडे. मी बटण लावलं. पुन्हा कधी ते बंद करायची माझी छाती झाली नाही.

मग जे दिवस आले ते आठवू नये असे. मशीन घरघरत होतं पण पाणी ओढत नव्हतं. भिंती पुन्हा ओल्या. ह्यांना दिसत होतं की पंप हरतोय, म्हणून ते आणखीच त्याच्यापाशी चिकटले. स्टुलावर बसायचे, तळहात मशीनच्या अंगाला लावून आवाज ऐकायचे. गरम पाण्याची पिशवी मागून मागून त्याला शेकायचे. शेकायची गरज कोणाला होती, आणि हे शेकत कोणाला होते! मी पिशवी भरून द्यायची आणि जिन्यात बसून तोंडात पदर कोंबून रडायची.

पाऊस सरता सरत नव्हता. एका सकाळी लाइट बराच वेळ गेली आणि परत आली. मी चहा घेऊन उतरले तर फरशीवर पाणीच पाणी. लाइट गेली तेव्हा बर्फ वितळून सगळा खोलीत आला होता आणि आता मशीन पुन्हा चालू होऊन नव्यानं गोठत होतं. हे स्टुलावर. पाय त्या पाण्यात. ओठ जांभळे पडलेले. एक हात मशीनवर.

कप कुठे ठेवला मला आठवत नाही. मी ओरडले, "तुम्हाले मराचं हाय काय? मराचं हाय तं सांगा एकदाचं! चला वरतं. आताच्या आता चला!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी ठिकाणावर होते, भ्रमिष्टासारखे नव्हते. थांबून थांबून, दोन शब्दांमध्ये श्वास घेत म्हणाले, "कसा येऊ? रिलीव्हर कुठी हाय?"

एवढी वर्षं त्या नियमाला शिव्या घातल्या, पण तो माणूस त्यात अडकलाय, त्याला कोणी सोडवायला पाहिजे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. पोरगा सांगत होता, डॉक्टर सांगत होता, मी सांगत होते, सगळे म्हणत होतो पंप सोडा. मी घेतो म्हणून एक जण पुढं आला नव्हता.

मी पदर कमरेला खोचला. वर गेले. ह्यांचा ड्युटीवर न्यायचा जुना स्टीलचा जेवणाचा डबा फडताळात होता, तो हातात घेतला आणि परत जिना उतरले. त्या पाण्यातून चालत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मी आली. तुम्ही जा."

ते हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उशीर केला," म्हणाले.

"झाला उशीर. आवाज ऐकू द्या."

ते स्टुलावरून उठले, मला बसायला जागा दिली. मी त्यांच्यासारखाच तळहात मशीनला लावला. थंडगार आणि आतून थरथरतं. ह्यांनी मग रीतसर सगळं सांगितलं. "पाणी कमी येऊन राह्यलं. आवाज जड झाला. मागून बर्फ चढते, तिकडं ध्यान ठेव. अन् घाबरू नोको." घाबरू नको! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हे म्हटलं, आणि तेही पंपासाठी.

मग ते जिन्याकडे निघाले. पहिल्याच पायरीवर थांबले, कठडा धरला. मी हात धरायला धावले तर मागं वळून दरडावलं, "पंप सोडून कुठी येतं? बस तिथंच." मी बसले. रिलीव्हर होते ना मी. खाली पाण्यात पाय सोडून त्यांचं चढणं ऐकत राहिले. एक पायरी, मग शिट्टीसारखा तो श्वास, मग पुढची. मध्ये एकदा इतका वेळ काहीच आवाज आला नाही की मी देवाचं नाव न घेणारी बाई, हात जोडून बसले. मग वरच्या दाराची कडी वाजली.

मी बटण बंद केलं. बर्फ दुपारपर्यंत ठिबकत राहिला.

संध्याकाळी शेजारच्या दोघांना बोलावून मशीन खोलीच्या मध्ये आणलं, फिल्टर धुतलं, फरशी पुसली. त्यानंतर ते पोरानं सांगितलं तसंच चालवलं, थोडं चालू, थोडं बंद. पुन्हा बर्फ चढला नाही. एवढीशी तर गोष्ट होती.

हे वरच्या खोलीत खिडकीपाशी राहिले. ऑक्सिजनचं यंत्र आलं. ट्रक जात, धूळ येई, हे काही बोलत नसत. रोज सकाळी मात्र विचारायचे, "चालू हाय ना?" मी म्हणायची, "हाव, चालू हाय." कधी ते चालू असायचं, कधी नसायचं. त्यांनी एकदाही उतरून पाहिलं नाही. चार्ज दिल्यावर दुसऱ्याच्या ड्युटीत तोंड घालायचं नाही, हीसुद्धा त्यांच्या खाणीतली रीत. माझ्यावर त्यांनी एवढा भरवसा संसारात कधी टाकला नव्हता. किराणा आणायलासुद्धा टाकला नव्हता.

रंग थोडा सुधारला. दोन घास जास्त जेवायला लागले. मला वाटलं, निभावलं. डॉक्टरला तसं वाटत नव्हतं, पण डॉक्टरला मी विचारलंच नाही.

थंडी पडली तेव्हा एका दुपारी मी खालून टाकी ओतून वर आले. हे जागे होते. मला जवळ बसायची खूण केली. म्हणाले, "तुले कोण सोडवते?"

मला आधी समजलं नाही.

"माह्या जागी तू आली. तुह्या जागी कोण येते?"

"येईन कोणी," मी म्हटलं. "पोरगा येईन."

"थो नाई यायचा," ते म्हणाले. "थकशीन तू." आणि माझ्या ओल्या हातावर हात ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिले. मी त्यांना सांगायला हवं होतं की बंद करता येतं ते, त्याला कोणी लागत नाही. तोंडावर आलं होतं. पण त्यांना माझी काळजी वाटत होती आणि ती मला इतक्या वर्षांनी मिळाली होती.

त्याच आठवड्यात ते गेले. दिवसाच गेले, ट्रकांच्या आवाजात, कोणाला न बोलावता. विहारातली मंडळी आली, वंदना झाली, पोरगा आला, दोन आठवड्यांच्या आत त्याची सुट्टी संपली.

आता तो दर रविवारी फोन करतो. "आई, घर विकून टाकू. त्या तळघरात आता आहे काय? मशीन बंद कर, कुलूप लाव आणि इकडे ये." बरोबरच आहे त्याचं. खाली एक रिकामी खाट आहे, एक माठ आहे, आणि कोरडी भिंत. मी म्हणते, "हाव, येते." फोन ठेवते आणि खाली जाते. टाकी पाहते, मागून हात लावून पाहते की बर्फ नाही ना. मग स्टुलावर बसते. पाठ दुखते, गुडघे दुखतात, एकटीचा कंटाळा येतो, वर उन्हात जावंसं वाटतं. पण उठायचं कसं? जिन्याकडे कान देऊन बसते. कोणीतरी उतरून यावं आणि म्हणावं, मी आलो, तू जाय.